गावोगावी शाळा देणारे इतिहासकार गिझो



या महिन्यात थोरांची ओळख हे सदर लिहायची पाळी माझ्यावर आली. आपल्या भिंतीवर आजवर पुष्कळ थोर माणसं येऊन गेली. काही तर दोन-दोन वेळा आली. म्हणून मी गुरुजींना म्हटलं की मला कुणीतरी नवीन माणूस द्या. गुरुजींनी मला फ्रान्स देशातल्या एका इतिहासकाराची गोष्ट सांगितली. हा माणूस इतिहास शिकवता शिकवता मंत्री झाला आणि त्याने आपल्या देशात गावोगावी प्राथमिक शाळा काढायला लावल्या. मला वाटलं, चला, सोपं काम आहे, शाळा काढल्या म्हणजे माणूस चांगलाच असणार. पण पुढची हकीगत ऐकली आणि मी विचारात पडले. ती सगळी इथे लिहिते. लेख जरा लांबला आहे, चार कागद लागले, तेवढं सांभाळून घ्या.

त्यांचं नाव फ्रान्स्वा गिझो. जन्म ४ ऑक्टोबर १७८७, फ्रान्सच्या दक्षिणेला नीम नावाचं शहर आहे तिथे. घरचे लोक प्रोटेस्टंट पंथाचे होते. त्या काळी फ्रान्सचा राजा कॅथलिक, बहुतेक प्रजाही कॅथलिक, आणि प्रोटेस्टंट लोकांचं लग्न सरकार लग्नच धरत नसे. त्यांच्या मुलांची नोंदसुद्धा नीट होत नसे. गिझो जन्मले त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात राजाने फर्मान काढलं आणि या लोकांना थोडेफार हक्क मिळाले. म्हणजे हे बाळ जन्मलं तेव्हा सरकारच्या लेखी ते जणू नव्हतंच.

पुढे दोनच वर्षांनी, १७८९ मध्ये, फ्रान्समध्ये मोठी राज्यक्रांती झाली. इतिहासाच्या पुस्तकात आपण ती वाचतो. गिझोंचे वडील आंद्रे हे वकील होते आणि त्यांना क्रांती हवीच होती. आपल्या पंथाच्या लोकांना त्यातून बरोबरीचे हक्क मिळाले होते. पण पुढे क्रांतीतल्या जहाल पुढाऱ्यांचं राज्य आलं. जो त्यांच्याशी सहमत नाही त्याला पकडून गिलोटिनवर चढवू लागले. गिलोटिन म्हणजे मान कापायचं यंत्र. आंद्रे गिझो मवाळ पक्षाचे, म्हणून त्यांना लपून राहावं लागलं. शेवटी ते सापडले. त्यांच्या घरात अशी आठवण सांगत की ज्या शिपायाने त्यांना पकडलं तो त्यांच्या ओळखीचा निघाला आणि त्यांना सोडून द्यायला तयार होता. आंद्रेंनी त्याला विचारलं की तुला बायको-मुलं आहेत का. तो हो म्हणाला. तेव्हा ते म्हणाले की मग माझ्या जागी तुझा जीव जाईल, चल पुढे. ८ एप्रिल १७९४ रोजी नीम शहरातच त्यांचा शिरच्छेद झाला. फ्रान्स्वा तेव्हा साडेसहा वर्षांचा होता. आपल्या पहिलीतल्या मुलांएवढा.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचं काम पडणार आहे.

त्याची आई सोफी हिने त्या दिवसापासून जे काळे कपडे घातले ते मरेपर्यंत उतरवले नाहीत. मोठी खंबीर बाई. दोन मुलगे पदरात, एक फ्रान्स्वा आणि दुसरा त्याचा धाकटा भाऊ. १७९९ साली ती दोघांना घेऊन शेजारच्या जिनिव्हा शहरात जाऊन राहिली, कारण तिथे प्रोटेस्टंट लोकांसाठी चांगल्या शाळा होत्या. फ्रान्स्वा तिथे ग्रीक, लॅटिन, जर्मन, इंग्रजी, इटालियन अशा भाषा शिकला. आणि बरं का, त्याला सुतारकामही शिकायला लावलं होतं. मुलाच्या हाताला एखादा धंदा असावा, असं रूसो नावाच्या विचारवंताने लिहून ठेवलं होतं आणि त्याप्रमाणे त्या काळी काही घरांत मुलांना वाढवत. फ्रान्स्वाने आपल्या हातांनी एक टेबल तयार केलं होतं. पुढे पंतप्रधान होणाऱ्या माणसाने लहानपणी रंधा मारला, ही गोष्ट मला फार आवडली.

१८०५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो कायदा शिकायला पॅरिसला आला. इथून पुढे आपण त्यांना अहो-जाहो करू. खिशात पैसे थोडेच. एका स्विस गृहस्थाच्या घरी मुलांना शिकवून ते राहू लागले. कायद्यापेक्षा त्यांचा जीव पुस्तकांत जास्त रमला.

त्यांच्या लग्नाची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. पॅरिसमध्ये पॉलिन द म्यूलाँ नावाच्या एक बाई वर्तमानपत्रात लेख लिहून आपलं घर चालवत होत्या. १८०७ मध्ये त्या आजारी पडल्या. लेख बंद म्हणजे चूल बंद. तेवढ्यात त्यांच्याकडे एक निनावी पत्र आलं की तुम्ही बऱ्या होईपर्यंत तुमच्या जागी मी लेख लिहून देतो. आणि खरंच एकामागून एक लेख येऊ लागले, नाव कुणाचंच नाही. पुढे कळलं की लिहिणारा विशीतला गिझो. पॉलिनबाई त्यांच्यापेक्षा १४ वर्षांनी मोठ्या होत्या. तरी १८१२ साली दोघांनी लग्न केलं. दोघं मिळून लिहायची, पुस्तकं काढायची. रोमच्या साम्राज्याचा ऱ्हास कसा झाला यावर गिबन नावाच्या इंग्रज लेखकाचा मोठा ग्रंथ आहे, त्याचं फ्रेंच भाषांतर दुरुस्त करून आणि टिपा जोडून त्यांनी छापलं.

त्याच १८१२ साली, फक्त २५ व्या वर्षी, गिझो पॅरिसच्या विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक झाले. तेव्हा बादशहा होता नेपोलियन. पहिल्या व्याख्यानात बादशहाची दोन शब्दांत तरी स्तुती करायची असा रिवाज होता आणि वरिष्ठांनी तसं सुचवलंही होतं. गिझोंनी ती केली नाही. नोकरी नवी, वय कोवळं आणि समोर नेपोलियन! तरी केली नाही.

त्यांचं इतिहास शिकवणं कसं होतं ते गुरुजींनी मला समजावून सांगितलं. आपण इतिहास म्हणजे लढाया, सनावळ्या आणि राजांची नावं असं समजतो. गिझो सांगत की समाज कसा बदलत गेला ते बघा. शहरं कशी वाढली, शहरातल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी सरदारांच्या हातून आपले हक्क कसे मिळवले, कायदे कसे झाले, ते बघा. शेकडो वर्षं वेगवेगळ्या वर्गांची ओढाताण चालली आणि त्यातूनच युरोप पुढे गेला, असा त्यांचा विचार. १८२२ मध्ये सरकारला ही व्याख्यानं टोचू लागली आणि ती बंद केली गेली. सहा वर्षांनी, १८२८ मध्ये, ती पुन्हा सुरू झाली तेव्हा युरोपच्या संस्कृतीचा इतिहास हा विषय ऐकायला तुडुंब गर्दी लोटली. ती व्याख्यानं पुस्तकरूपाने निघाली आणि दुसऱ्या देशांतही वाचली गेली. पॉलिनबाई मात्र ते बघायला नव्हत्या. १८२७ साली त्या वारल्या होत्या.

आता राजकारण. ते मी भराभर सांगते, कारण राजे फार बदलले आणि माझा स्वतःचाच गोंधळ झाला होता. नेपोलियन गेला, जुन्या घराण्यातला अठरावा लुई आला, मग त्याचा भाऊ दहावा चार्ल्स आला. जुलै १८३० मध्ये पॅरिसच्या लोकांनी तीन दिवसांत चार्ल्सला घालवलं आणि लुई फिलिप राजा झाला. गिझो त्याच वर्षी जानेवारीत लिझ्यो गावच्या भागातून निवडून आले होते. नव्या राजाने त्यांना आधी गृहमंत्री केलं आणि ऑक्टोबर १८३२ मध्ये शिक्षणमंत्री.

इथे आपला विषय येतो.

२ जानेवारी १८३३ रोजी गिझोंनी प्राथमिक शिक्षणाचा कायदा सभागृहापुढे ठेवला. त्या महिन्यात त्यांच्या घरी मुलगा झाला. मधल्या काळात त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, पॉलिनबाईंच्या भाचीशी. तिचं नाव एलिझा. मुलगा दोन महिन्यांचा झाला आणि मार्चमध्ये एलिझा वारली. पदरात तीन लहान लेकरं आणि पहिल्या बायकोचा एक मोठा मुलगा. काळ्या कपड्यांतली म्हातारी आई पुन्हा कंबर बांधून नातवंडांना वाढवू लागली. आणि गिझो सभागृहात कायद्याचं एकेक कलम लढवत राहिले. २८ जून १८३३ रोजी कायदा मंजूर झाला. आजही त्याला गिझो कायदा म्हणतात.

कायद्यात काय होतं? प्रत्येक गावाने मुलांची एक प्राथमिक शाळा चालवलीच पाहिजे. एकट्याला झेपत नसेल तर शेजारच्या गावाशी मिळून चालवावी. मास्तरांना राहायला घर द्यायचं आणि वर्षाला कमीत कमी २०० फ्रँक पगार द्यायचा. गावाकडे पैसा नसेल तर जिल्ह्याने घालायचा, जिल्ह्याकडेही नसेल तर सरकारने. प्रत्येक जिल्ह्यात मास्तर तयार करायचं अध्यापक विद्यालय हवं. ज्यांची ऐपत आहे त्यांनी फी द्यायची, गरिबांच्या मुलांना फी माफ. धर्माच्या शिक्षणाबाबत मुलाच्या बापाचं मत विचारायचं, त्याच्यावर जबरदस्ती नाही. ज्याच्या आईबापांच्या लग्नालाही एकेकाळी सरकार मानत नव्हतं, त्याने हे कलम विसरू दिलं नाही, याचं मला नवल वाटत नाही.

कायदा करून ते थांबले नाहीत. सुमारे ४९० तपासनीस देशभर पाठवून शाळांची पाहणी करवली. त्यातून जे बाहेर आलं ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. कुठे शाळा गोठ्यात, कुठे तळघरात, कुठे मास्तर राहतात त्याच एका खोलीत. पगारात पोट भरत नाही म्हणून काही मास्तर दुसराही धंदा करत. कुणी चपला शिवत, कुणी चर्चची घंटा वाजवत, कुणी खड्डे खणून मेलेल्यांना पुरत.

आणि एक गोष्ट केली ती मला सगळ्यांत मोठी वाटते. जुलै १८३३ मध्ये त्यांनी देशातल्या सुमारे ३९ हजार मास्तरांना कायद्याची प्रत आणि सोबत एक पत्र पाठवलं. पत्रात असं होतं की तुमचं काम गावाच्या एका कोपऱ्यात चालतं, त्यात तुम्हाला पैसा किंवा नाव मिळणार नाही, पण साऱ्या देशाला त्या कामाची गरज आहे. पत्राची पोच द्या आणि तुम्हाला त्यातून काय वाटलं ते लिहा, असंही कळवलं होतं. १३ हजारांहून जास्त मास्तरांची उत्तरं आली. ज्यांना गावचा पाटीलही खुर्ची देत नव्हता त्यांना थेट मंत्र्याचं पत्र! किती जणांनी ते जपून ठेवलं असेल!

१८३२ साली फ्रान्सच्या प्राथमिक शाळांत सुमारे १९ लाख मुलं होती. १८४७ पर्यंत ती सुमारे ३५ लाख झाली.

आता मुलींचं काय ते सांगते, कारण मी मुलगी आहे. कायद्याने मुलींच्या शाळांची सक्ती केली नाही. १८३६ साली एक वेगळा हुकूम निघाला, पण मुलींची शाळा काढलीच पाहिजे असं त्यातही नव्हतं. मुलींसाठी गावांवर बंधन यायला १८५० साल उजाडलं, तेही फक्त ८०० च्या वर वस्तीच्या गावांवर. मला राग आला. गुरुजी म्हणाले, राग येऊ दे, पण लिहिताना सन बरोबर लिही.

यापुढचा भाग मला अवघड गेला. ऑक्टोबर १८४० मध्ये गिझो परराष्ट्रमंत्री झाले, आणि नावाला कुणीही प्रमुख असला तरी सरकार तेच चालवत होते. सप्टेंबर १८४७ मध्ये ते रीतसर पंतप्रधान झाले. इंग्लंडशी त्यांनी युद्ध होऊ दिलं नाही. १८४३ साली इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया फ्रान्सच्या राजाला भेटायला आली, असं तीनशे वर्षांत घडलं नव्हतं. १८४१ मध्ये आठ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला लावायला बंदी झाली, पण फक्त मोठ्या कारखान्यांत, आणि तपासायला कुणी फिरकत नसल्याने ती बरीचशी कागदावरच राहिली.

पण मतदानाचं काय? ज्या पुरुषाने वर्षाला निदान २०० फ्रँक कर भरला त्यालाच साधारणपणे मत मिळायचं. देशात साडेतीन कोटी माणसं आणि मतदार अडीच लाखसुद्धा नाहीत. मी वहीत वरचे आकडे पुन्हा पाहिले. मास्तरांचा वर्षाचा ठरलेला पगार २०० फ्रँक आणि मत मिळायला लागणारा कर २०० फ्रँक! म्हणजे ज्या मास्तरांना गिझोंनी ते पत्र लिहिलं त्यांनाच मत नव्हतं. त्यांनी शिकवलेली शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुलं मोठी झाली, वर्तमानपत्र वाचू लागली, त्यांनाही नव्हतं. मत हवं असेल तर कष्ट करा, शिका, कमवा, अशा अर्थाचं ते बोलत. लोकांनी त्यातलं कमवा तेवढंच धरून ठेवलं आणि त्यांना पैशाचा मंत्री म्हणू लागले. खरं म्हणजे स्वतः त्यांनी पैसा केला नाही. मात्र त्यांच्या बाजूचे कितीतरी सभासद सरकारी नोकर होते आणि नोकऱ्या-बढत्यांची लालूच दाखवून बहुमत टिकवलं जाई, हेही खरं.

असं का केलं असेल? मला वाटतं, सहा वर्षांच्या मुलाने बापाचं जे पाहिलं ते त्याच्या मनातून गेलं नाही. गर्दीच्या हाती सत्ता गेली की गिलोटिन येतं, असं त्यांना वाटत असणार. आणि दुसरं, व्यापारी-वकिलांचा मधला वर्ग शेकडो वर्षं झगडून वर कसा आला हा इतिहास त्यांनी जन्मभर शिकवला. तो वर्ग वर आला तेव्हा त्यांना वाटलं की गाडी मुक्कामाला पोचली. मागे अजून माणसं उभी आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा त्यांनी येऊ दिलं नाही. आपल्या शाळेत निवडणुकीच्या दिवशी बाकं बाहेर काढतात, तिथेच मतदान होतं आणि गावातली सगळी बाया-माणसं रांगेत उभी राहतात. गिझोंना ती रांग बघवली नसती.

१८४७ मध्ये काही सभासदांनी सुचवलं की कराची अट २०० वरून निदान १०० फ्रँकवर आणा. गिझोंच्या बहुमताने ते फेटाळलं. मग विरोधकांनी गावोगाव मेजवान्या सुरू केल्या. राजकीय सभेला बंदी, पण जेवणाला कशी घालणार? जेवायचं आणि भाषणं करायची. २२ फेब्रुवारी १८४८ ला पॅरिसची मेजवानी ठरली होती, तिला सरकारने मनाई केली आणि लोक रस्त्यावर आले. २३ तारखेला राजाने गिझोंना काढून टाकलं. लोकांनी दिवे लावून आनंद केला. त्याच रात्री गिझोंच्या परराष्ट्र कचेरीसमोर सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि कितीतरी माणसं ठार झाली. लोकांनी प्रेतं गाडीवर घालून शहरभर फिरवली. दुसऱ्या दिवशी राजानेच गादी सोडली.

गिझो वेष बदलून निसटले आणि ३ मार्चला लंडनला पोचले. ८० वर्षं ओलांडलेली आई नातवंडांसह तिथे आली, आणि ३१ मार्चला तिथेच वारली. तिच्या आयुष्यात एका क्रांतीने नवरा नेला आणि दुसरीने गाव सोडायला लावलं.

त्याच महिन्यात फ्रान्समध्ये एकवीस वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना मत मिळालं. मतदार अडीच लाखांवरून ९० लाखांवर गेले. बायकांना मात्र १९४४ पर्यंत थांबावं लागलं. डिसेंबर १८४८ मध्ये या नव्या मतदारांनी नेपोलियनच्या पुतण्याला अध्यक्ष निवडलं आणि तीन वर्षांनी त्याने लोकांची सभा मोडून सगळी सत्ता आपल्या हातात घेतली. गिझोंना वाटलं असेल की बघा, मी सांगत होतो. पण लोकांना इतकी वर्षं दाराबाहेर ठेवलं नसतं तर तसं झालं असतं का, हेही कुणी सांगू शकत नाही. मी घरी विचारलं तर आजोबा एक म्हणाले आणि आई दुसरं म्हणाली.

१८४९ मध्ये गिझो निवडणुकीला उभे राहिले, पण पडले, आणि त्याच वर्षी ते परत आले. नॉर्मंडी भागात वाल-रिशे नावाचा एक जुना मठ त्यांनी १८३६ साली घेतला होता, तिथे ते राहू लागले. पोटापाण्यासाठी लिहीत होते. आपल्या आठवणींचे आठ खंड लिहिले, इंग्लंडच्या क्रांतीचा अर्धा राहिलेला इतिहास पुढे नेला. संध्याकाळी नातवंडं भोवती जमायची आणि ते त्यांना फ्रान्सचा इतिहास गोष्टीसारखा सांगायचे. त्याचंच पुढे पुस्तक होऊ लागलं, नातवंडांना सांगितलेला फ्रान्सचा इतिहास असंच त्याचं नाव आहे. ते पुरं व्हायच्या आत, १२ सप्टेंबर १८७४ रोजी, वाल-रिशेलाच गिझो वारले. वय ८६ होतं.

राहिलेला भाग त्यांच्या टिपणांवरून त्यांच्या मुलीने, हेन्रिएटने, लिहून पुरा केला आणि शेवटचा खंड १८७६ मध्ये निघाला. गावोगावी मुलांच्या शाळा काढायचा कायदा झाला तेव्हा ती तीन वर्षांची होती. ती घरीच शिकली होती, आजीजवळ आणि वडिलांजवळ.